पॉलिमरच्या मुठीला घरी स्टिपलिंग करायचंय? आधी हात कुठे सरकतो ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पॉलिमर फ्रेमचं, म्हणजे प्लास्टिकच्या सांगाड्याचं, पिस्तूल आहे. हाताला घाम आला की मूठ सरकते आणि दर तीन-चार गोळ्यांनी पकड पुन्हा नीट करावी लागते. घरात ६० वॉटचं साधं सोल्डरिंग आयर्न पडून आहे. त्याने घरच्या घरी स्टिपलिंग, म्हणजे तापलेल्या टोकाने ठिपके पाडून मूठ खडबडीत करणं, जमेल का, सुरुवात कुठून करायची आणि ठिपके किती खोल मारायचे?

जमेल. पण मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांची फ्रेम तिथेच बिघडते. ठिपका जितका खोल तितकी पकड घट्ट, असा सगळ्यांचा समज असतो. माझाही होता. तापलेलं टोक प्लास्टिकमध्ये बुडतं तेव्हा वितळलेला माल खाली जात नाही, बाजूला सरकतो आणि खड्ड्याभोवती छोटासा वरंबा उभा राहतो. थंड झाल्यावर तुमच्या तळव्याला अडतो तो हा वरंबा. खड्ड्याचं काम फक्त घामाला आणि चेपलेल्या कातडीला जागा देणं. अर्धा मिलिमीटर खोलीत पुरेसा वरंबा तयार होतो. त्याच्या खाली गेलात तर पकड वाढत नाही, भिंत मात्र पातळ होते. खरं लक्ष ठेवायचं ते वरंब्यांच्या उंचीवर. सगळे सारख्या उंचीचे असले तर हाताचा दाब सगळ्यांवर वाटला जातो आणि मूठ चिकटल्यासारखी वाटते. दहा-बारा उंच आणि बाकीचे बसके असले तर ते दहा-बारा टोचत राहतात आणि मूठ सरकायची ती सरकतेच.

आता सरकतं कुठे ते बघू. पिस्तूल रिकामं करा, मॅगझिन (गोळ्यांची पेटी) बाहेर काढा, चेंबर, म्हणजे नळीतली गोळी बसायची जागा, डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून या. मग दोन्ही तळव्यांना खडूची पूड चोळा आणि नेहमीसारखं पिस्तूल धरून नेम घ्या. पकड न बदलता पाच-सहा वेळा हात ताठ करा, सैल सोडा. पिस्तूल खाली ठेवल्यावर काळ्या मुठीवर पांढरा नकाशा उमटलेला दिसेल. जिथे पूड दाट बसली तिथे तुमचा हात खरोखर टेकतो, आणि जिथे ती पुसटून लांबली आहे तिथे तो घसरतो. मी स्वतः पहिल्यांदा हे केलं तेव्हा उजव्या बाजूच्या अर्ध्या भागाला माझा हात लागतच नव्हता असं कळलं. त्या भागावर मी आधीच्या पिस्तुलात दोन संध्याकाळी घालवल्या होत्या, केवळ दिसायला चांगलं म्हणून.

गोळी सुटते तेव्हा नळी हाताच्या वर असते, म्हणून पिस्तूल सरळ मागे येण्याबरोबर वरही उचललं जातं. मुठीचा वरचा भाग अंगठ्याच्या बेचकीत घुसतो आणि खालचं टोक पुढे, बोटांकडे ढकललं जातं. त्यामुळे बोटं ज्या पुढच्या पट्टीवर गुंडाळलेली असतात, म्हणजे फ्रंट स्ट्रॅप, तिथला खडबडीतपणा सर्वात जास्त कामाला येतो. दुसरी जागा म्हणजे आधाराच्या हाताचा तळवा जिथे बसतो तो बाजूचा भाग. उजव्या हाताने नेमबाजी करणाऱ्यासाठी ती डावी बाजू. दोन हातांची पकड सुटते ती बहुधा इथून, आणि दोष मात्र आपण उजव्या हाताला देतो. बॅकस्ट्रॅपच्या, म्हणजे मुठीच्या मागच्या पट्टीच्या, खालच्या अर्ध्या भागाला थोडे ठिपके चालतात. वरचा भाग, बेचकीत बसणारा, मी गुळगुळीतच ठेवतो. तिथलं कातडं नाजूक असतं आणि धक्का पूर्ण तिथेच बसतो. शंभर गोळ्यांनंतर तिथे सोललेलं असलं की माणूस नकळत पकड सैल करतो, म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच हातचं गेलं.

एवढं कळल्यावर लगेच आयर्न तापवू नका. खडूच्या खुणा होत्या त्या आकाराचे तुकडे ग्रिप टेपमधून कापून चिकटवा आणि महिनाभर तसंच वापरून बघा. टेप रबरी पृष्ठाची मिळते, वाळूच्या कागदासारखी खरखरीतही मिळते. ती तुमची कच्ची प्रत समजा. पट्टी अर्धा सेंटिमीटर वर हवी होती, हे टेप सोलून कळणं परवडतं. डाग दिलेल्या फ्रेमला मागे परतता येत नाही. आणि खरं सांगायचं तर निम्म्या लोकांचं काम टेपवरच भागतं. त्यांनी तिथेच थांबावं.

कायद्याचंही आधीच बघून घ्या. काही देशांत परवानाधारकाला स्वतःच्या शस्त्रात वरवरचा बदलही करता येत नाही, तो परवाना असलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावा लागतो. काही ठिकाणी बाह्य पृष्ठाच्या कामाला कसलीच आडकाठी नसते. तुमच्याकडे काय चालतं ते लेखी वाचा. अनुक्रमांकाबाबत मात्र वाद नको: तो क्रमांक, त्याची धातूची पट्टी आणि तिच्या आजूबाजूची बोटभर जागा याला उष्णता, कानस किंवा पॉलिश पेपर लावायचाच नाही. ग्लॉकमध्ये ही पट्टी ट्रिगर गार्डच्या पुढे, फ्रेमच्या तळाशी बसवलेली असते. सिग सावर पी३२० सारख्या पिस्तुलात क्रमांक आतल्या फायर कंट्रोल युनिटवर, म्हणजे ट्रिगरच्या सुट्या जुळणीवर, असतो आणि बाहेरची मूठ हा वेगळा, बदलता येणारा भाग असतो. शिकण्यासाठी अशी मूठ उत्तम, कारण बिघडली तर मूठच बदलता येते. कंपनीची वॉरंटी मात्र कोणत्याही पिस्तुलावर गेली असं धरूनच चाला.

मूठ कशाची आहे ते ओळखणं गरजेचं आहे. पॉलिमर फ्रेमचं पिस्तूल हेकलर अँड कॉखने व्हीपी७० च्या रूपात १९७० मध्ये आणलं. हा प्रकार सगळीकडे रुजला तो १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक १७ घेतल्यानंतर. आजच्या बहुतेक फ्रेम नायलॉनच्या कुळातल्या असतात आणि बऱ्याच वेळा त्यात काचेचे बारीक तंतू मिसळलेले असतात. नायलॉन ६ साधारण २२० अंश सेल्सिअसला वितळतं, नायलॉन ६६ साधारण २६० ला. थंड झालं की पुन्हा घट्ट होतं, म्हणूनच स्टिपलिंग शक्य आहे. पण काही मुठींवर रबराचा थर चढवलेला असतो, तो जळतो. जी-१० नावाच्या साहित्याच्या पट्ट्या थर्मोसेट, म्हणजे एकदा घट्ट झाल्यावर पुन्हा न वितळणाऱ्या, रेझिनच्या असतात. त्या वितळतच नाहीत, थेट काळ्या पडतात. शंका असेल तर मुठीच्या बाहेरच्या पृष्ठावर, सहजी न दिसणाऱ्या कोपऱ्याला तापलेल्या सुईचं टोक लावून बघा. सुई मऊपणे आत गेली तर ठीक. जळक्या रबराचा वास आला तर आयर्न बाजूला ठेवा.

नायलॉनची आणखी एक खोड फार कमी जण सांगतात. ते हवेतला ओलावा पितं. साचे ओतणारे कारखाने दाणे आधी सुकवून घेतात ते याच कारणाने. तुम्ही फ्रेम धुतली आणि तासाभरात डाग द्यायला बसलात की आत मुरलेलं पाणी वाफ होऊन बाहेर येतं, ठिपक्याच्या काठावर बारीक फेस दिसतो आणि वरंबा पोकळ, ठिसूळ होतो. मला वाटायचं आयर्न जास्त तापलंय, म्हणून मी तापमान कमी करत बसायचो. फ्रेम धुतल्यावर कोरड्या, उबदार जागेत दोन दिवस ठेवली की हा त्रास बराच कमी होतो. धुवायची मात्र नक्की, कारण मुठीच्या खाचांत बारुदाची काजळी आणि शिशाचा अंश बसलेला असतो. तो तापवून श्वासात घेण्यासारखा नाही. साबण, कोमट पाणी आणि जुना ब्रश पुरे. पेट्रोलसारखं द्रावण वापरून त्यावर गरम टोक टेकवू नका.

आता तुमचं ६० वॉटचं आयर्न. ताकद भरपूर आहे, अडचण तापमानाची आहे. नियंत्रण नसलेलं आयर्न नुसतं स्टँडवर ठेवलं तरी ४०० अंशांच्या पलीकडे जाऊ शकतं. पहिला ठिपका जळतो, पाचवा बरा येतो, तोवर टोक थंडावतं आणि विसाव्याला जोर लावावा लागतो. सगळे वरंबे सारखे यावेत म्हणून आपण धडपडतोय आणि आयर्नच दर वेळी वेगळं वागतंय. तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग स्टेशन किंवा लाकडावर नक्षी जाळायचा पेन घ्या. मी २८० ला सुरू करतो आणि भंगारातल्या तुकड्यावर बघत दहा-दहा अंशांनी वर जातो. टोक नुसतं टेकवल्यावर, जोर न लावता, सेकंदाच्या आत बुडायला हवं आणि उचलताना मागे तार ओढली जायला नको. तार आली, धूर दिसला किंवा खड्डा चकचकीत झाला तर तापमान जास्त आहे. टोक अडखळलं आणि प्लास्टिक लोण्यासारखं न सरकता फाटल्यासारखं दिसलं तर कमी आहे. स्टेशनवरचा आकडा आणि टोकाचं खरं तापमान यांत फरक असतो, त्यामुळे माझा आकडा तुमच्या कामाचा नाही. तुमचा तुम्हीच शोधायचा.

ज्या टोकाने कधी शिशाचं सोल्डर लावलं असेल ते इथे चालणार नाही. नवं टोक घ्या. टोकाचा आकार म्हणजे तुमच्या ठिपक्याचा आकार. अणकुचीदार शंकूने बारीक आणि धारदार वरंबे येतात, दीड-दोन मिलिमीटरच्या गोल टोकाने मऊ आणि रुंद. पहिल्या कामाला गोल टोक घ्या, ते चुका पोटात घालतं. मी पितळी स्क्रूचं टोक कानशीने घासून गोल केलं आणि तेच नक्षीच्या पेनमध्ये बसवलं. दिसायला ओबडधोबड, पण वर्षानुवर्षं तेच वापरतोय.

वास येईल आणि तो निरुपद्रवी नाही. नायलॉन नुसतं वितळलं तरी थोडी वाफ सुटते. जळलं तर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइडसारखे वायूही निघू शकतात. खिडकी उघडी, पंखा धूर तुमच्यापासून बाहेर ओढेल असा, आणि तोंडावर सेंद्रिय वाफांसाठीचा फिल्टर-डबा असलेला मास्क. कापडी मास्कने इथे काही होत नाही. घासकाम करताना काचतंतूंची धूळ उडते, त्यासाठी धुळीचा फिल्टर आणि चष्मा. हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका, नाहीतर रात्रभर चोळत बसाल.

फ्रेम पूर्ण सोडवा. स्लाइड (वरचा, मागेपुढे सरकणारा भाग), नळी, ट्रिगरची जुळणी, मॅगझिन कॅच (मॅगझिन धरून ठेवणारा खटका), सगळं बाहेर. स्प्रिंगांवर धूळ बसायला नको हे एक, आणि कॅचच्या भोकाजवळ काम करताना तो भाग आत असला की कडा वितळून त्याला धरतात. पिनांच्या भोकांपासून मी निदान पाच-सहा मिलिमीटर लांब राहतो. बॅकस्ट्रॅपमागे बऱ्याच फ्रेम पोकळ असतात. नखाने टकटक करून ऐका, आवाज भरीव येतो की पोकळ ते लगेच कळतं. पोकळ ठिकाणी हात हलका ठेवा.

मुठीवर कंपनीची नक्षी किंवा बोटांच्या खाचा असतील तर त्या आधी घासून सपाट कराव्या लागतात. १२० च्या पेपरने सुरुवात करून २२० वर थांबा. फिरत्या यंत्राचा ड्रम वापरलात तर वेग अगदी कमी ठेवा, नाहीतर नायलॉन घासलं न जाता वितळून ड्रमलाच गुंडाळतं. घासल्यावर पृष्ठ पांढुरकं आणि केसाळ दिसेल. घाबरू नका, ठिपके पडले की ते झाकलं जातं.

सीमारेषा हा या कामाचा चेहरा. आतले ठिपके थोडे चुकले तर कुणाला दिसत नाहीत, पण कड वाकडी झाली की पाच हातांवरून कळतं. पांढऱ्या पेन्सिलने आखा, बाहेरच्या बाजूला चिकटपट्टीचे दोन थर लावा आणि कडेवर एक बारीक चर पाडा. मी ती त्रिकोणी सुईकानशीने पाडतो, हळूहळू, एकाच दिशेने ओढत. चर असला की ठिपक्याचा वितळलेला काठ तिथे थांबतो, पुढे सांडत नाही. वळणाच्या जागी चिकटपट्टी उठते, तिथे ती छोट्या तुकड्यांत लावा.

मग ठिपके. पहिली रांग चराला लागून, पूर्ण वळसा घालून. त्यानंतर आत. सगळे शेजारी-शेजारी मारत सुटू नका. एक इथे, दुसरा दोन बोटं सोडून, तिसरा आणखी दूर, आणि नंतर मधल्या जागा भरत या. एका जागी उष्णता साठली की आधीचे वरंबे बसतात आणि भिंत आत झुकते. टोक नेहमी पृष्ठाला काटकोनात असावं. म्हणजे गोलाईवर हात फिरवायचा नाही, फ्रेम फिरवायची. म्हणून मी फ्रेम शिकंज्यात धरत नाही, मऊ कापडाच्या घडीवर ठेवून डाव्या हाताने वळवतो. टेकव, मनात एक म्हण, उचल. हा ताल लागला की काम आपोआप होतं. वीसेक ठिपक्यांनी टोक पितळी तारेच्या चोथ्यात पुसा. तिथे साठलेली काजळी पुढच्या ठिपक्यात उतरते, आणि फिकट रंगाच्या फ्रेमवर ती तपकिरी डागासारखी कायमची दिसते. काळ्या रंगावर खपून जातं.

एक बाजू सुरू केली की त्याच बैठकीत संपवा. दुसऱ्या दिवशी हाताचा दाब वेगळा असतो आणि कालची रेघ कुठे संपली ते प्रकाशात धरल्यावर दिसतं. पाठ दुखली तर दोन मिनिटं उभे राहा, पण पुढच्या रविवारवर ढकलू नका.

माझी पहिली फ्रेम कशी गेली ते सांगतो. डावी बाजू छान जमली म्हणून मी लगोलग उजवी घेतली, तीही घाईत, तापमान वीस अंश चढवून. दिसायला सुरेख झाली. थंड झाल्यावर मॅगझिन घातलं, आत गेलं. बटण दाबलं तर खाली पडेना. दोन्ही भिंती केसभर आत आल्या होत्या. डोळ्याला काही दिसत नव्हतं, पण मॅगझिन ओढून काढावं लागत होतं. नंतर आतून घासून कसंबसं सैल केलं, तरी ते पुन्हा कधी पहिल्यासारखं सुटलं नाही. तेव्हापासून मी मॅगवेलच्या, म्हणजे मुठीतल्या मॅगझिनच्या पोकळीच्या, मापाचा लाकडी ठोकळा आत घालूनच काम करतो. दर दहा मिनिटांनी फ्रेम पूर्ण निववतो, ठोकळा काढतो, कॅचच्या भोकापर्यंत रिकामं मॅगझिन सरकवून बघतो. स्वतःच्या वजनाने ते बाहेर आलं तरच पुढे.

सगळं झालं की मूठ हातात घेतल्यावर ती कानस धरल्यासारखी वाटेल. नव्या वरंब्यांच्या माथ्यावर बारीक कुसळं असतात. कडक नायलॉनच्या ब्रशने सगळ्या दिशांनी घासा, मग ४०० च्या पेपरचे दोन-तीन हलके हात. इथे हात आवरता घ्या, जास्त घासलं की मेहनत पुसली जाते. जुन्या सुती शर्टाचा तुकडा त्यावरून ओढून बघा. दोरे निघत असतील तर आणखी एक हात. अंगाला लागून पिस्तूल बाळगणाऱ्यांनी शरीराकडची बाजू आणखी मऊ करावी, नाहीतर आठवडाभरात कपडे आणि कातडी दोन्ही तक्रार करतील.

चूक झाली तर काय? भोक पडलं किंवा टोक घसरून सीमेबाहेर ओरखडा गेला तर इपॉक्सी किंवा झटपट गोंदाच्या नादी लागू नका, नायलॉनला ते धड धरत नाहीत. त्याच फ्रेमच्या घासकामातला किंवा त्याच जातीच्या भागातला प्लास्टिकचा कण त्या जागी ठेवून आयर्नने एकजीव करा, थंड झाल्यावर सपाट घासा. सीमेबाहेरचा ओरखडा लपवायचा एकच प्रामाणिक मार्ग म्हणजे सीमाच थोडी पुढे नेणं. कितीतरी फ्रेमवर दिसणाऱ्या झोकदार वळणांचा जन्म असाच झालेला असतो. मॅगवेलच्या आरपार भोक गेलं, किंवा रेल (स्लाइड ज्यांवर सरकते त्या पट्ट्या) आणि पिनांजवळ तडा दिसला, तर ती फ्रेम वापरू नका.

सराव कशावर करायचा हे विचारलं नव्हतं, पण सांगतोच. मॅगझिनच्या खालच्या प्लास्टिकच्या टोप्या, पिस्तुलाबरोबर आलेले जास्तीचे बॅकस्ट्रॅप. तेच साहित्य, तीच गोलाई. एका बॅकस्ट्रॅपवर चारशे-पाचशे ठिपके मारा आणि मग पहिले पन्नास झाकून शेवटचे पन्नास बघा, नंतर उलट. दोन्ही गटांत फरक सांगता आला तर फ्रेमला अजून हात लावायचा नाही. मला तीन बॅकस्ट्रॅप लागले होते.

वापरात घाम आणि तेल ठिपक्यांत साठतं. महिन्यातून एकदा साबण आणि दात घासायचा ब्रश पुरतो. काही हजार गोळ्यांनंतर सर्वात जास्त दाबाच्या जागी वरंबे बसायला लागतील. तेव्हा सगळी मूठ पुन्हा करायची गरज नसते, तेवढ्याच जागी जुन्या ठिपक्यांच्या मध्ये नवे मारता येतात. फक्त टोक तेच हवं, नाहीतर ठिगळ दिसतं. म्हणून काम झालं की ते टोक डबीत ठेवा आणि सोबत एका चिठ्ठीवर स्टेशनवरचा आकडा लिहून टाका.